केसरबाईंचं गाणं कुठे निघालं?



आज एक विज्ञानाची बातमी सांगायची आहे. बातमी तशी विचित्र आहे, आणि तिच्या पोटात एका गाण्याची गोष्ट आहे. हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापत असाल तर थापत राहा. ऐकता ऐकता काम होईल.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचं एक जुनं यान अचानक बरळायला लागलं. यानाचं नाव व्हॉयेजर-१. ते १९७७ साली आकाशात सोडलं, म्हणजे तेव्हा त्याला सेहेचाळीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं ते नेमाने आपली खबर कळवत होतं. मी इथे आहे, माझी तब्येत अशी आहे, आसपास मला हे दिसतंय. आणि एक दिवस खबरीचा अर्थच लागेना. आवाज येत होता, पण त्यात ताळतंत्र नव्हतं. तापाने फणफणलेलं माणूस बडबडतं, तसं काहीसं.

दुरुस्तीला कोण जाणार? यान होतं साधारण २४०० कोटी किलोमीटर लांब. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, म्हणजे त्याच्या दीडशेपटीहून जास्त अंतर. तिथे माणूस जाऊ शकत नाही. फक्त रेडिओचा संदेश जाऊ शकतो, आणि त्यालाही तेव्हा एका बाजूला साडेबावीस तास लागत होते. आज सकाळी आठला विचारलं, "बाई, काय दुखतंय?" तर तो प्रश्न पोचणार उद्या सकाळी साडेसहाला. उत्तर हातात पडणार परवा पहाटे पाच वाजता.

तरी तिथल्या इंजिनियरांनी दुखणं शोधलं. यानावर तीन प्रकारचे संगणक आहेत. त्यातला एक सगळी माहिती गोळा करून तिचं गाठोडं बांधतो आणि पाठवायला देतो. त्या संगणकातली एक बारकीशी चिप निकामी झाली होती. त्या चिपमध्ये जे लिहून ठेवलं होतं तेच पुसलं गेलं, म्हणून गाठोडं नीट बांधलं जाईना.

उपाय काय केला ते आपल्याला चटकन कळेल, कारण आपण बचत गटाचं रजिस्टर लिहितो. समजा रजिस्टरच्या एका पानावर पाणी सांडलं आणि ते पान कायमचं वाया गेलं. नवं रजिस्टर मिळायची सोय नाही. मग आपण काय करू? त्या पानावरचा मजकूर बाकीच्या पानांच्या मोकळ्या कोपऱ्यांत थोडा थोडा उतरवू, आणि पहिल्या पानावर लिहू की अमक्याचा हिशेब आता तमक्या पानावर पाहा. इंजिनियरांनी हेच केलं. पुसल्या गेलेल्या सूचनांचे तुकडे केले आणि संगणकात जिथे जिथे जागा उरली होती तिथे बसवले. १८ एप्रिल २०२४ ला पहिली दुरुस्ती पाठवली. २० एप्रिलला उत्तर आलं, आणि पाच महिन्यांनी पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला. जूनपर्यंत यानावरची चालू असलेली चारही उपकरणं पुन्हा कामाला लागली.

या यानाला एक जोडीदार आहे, व्हॉयेजर-२. त्याचीही गंमत ऐका. जुलै २०२३ मध्ये त्याला चुकून एक वेडीवाकडी सूचना गेली. त्याची तबकडी पृथ्वीपासून अवघी दोन अंश बाजूला वळली. एवढ्याशा फरकाने बोलणं बंद पडलं. मग ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ जो मोठा अँटेना आहे, तिथून होती नव्हती ती ताकद लावून संदेश पाठवला. नुसती हाकच मारली म्हणा ना! यानाने ती हाक ऐकली, आपली तबकडी पुन्हा आपल्याकडे वळवली आणि ४ ऑगस्टला बोलणं सुरू झालं. हाक मारण्यापासून उत्तर येईपर्यंत सदतीस तास लागले.

आता तुम्ही विचाराल, इतक्या लांबून आवाज ऐकू तरी कसा येतो? आपला सामुदायिक रेडिओ तर दहा-पंधरा किलोमीटर गेला की खरखरायला लागतो. प्रश्न बरोबर आहे. सरकार आपल्यासारख्या रेडिओला साधारण १०० वॅटपर्यंत ताकद वापरू देतं. व्हॉयेजरच्या प्रक्षेपकाची ताकद तेवीस वॅटच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या रेडिओपेक्षाही कमी, एखाद्या छोट्या बल्बाएवढी.

फरक दोन गोष्टींत आहे. आपला रेडिओ चहूकडे बोलतो, कारण सगळ्या वाड्यावस्त्यांना ऐकू जायला हवं. व्हॉयेजर एकाच दिशेने बोलतं. त्याच्या पाठीवर पावणेचार मीटर रुंदीची तबकडी आहे, ती आवाज एकवटून थेट पृथ्वीकडे सोडते. कंदील आणि बॅटरी यांत जो फरक, तोच हा. दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याची. इकडे पृथ्वीवर ७० मीटर रुंदीचे कान लावून ठेवले आहेत. बोलणाऱ्याचा आवाज बारीक असला, तर ऐकणाऱ्याने कान मोठा करायचा.

असे मोठे कान आपल्या पुणे जिल्ह्यातही आहेत, बरं का! जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद गाव आहे. तिथे शेतांमधून मोठमोठ्या जाळीच्या तबकड्या उभ्या दिसतात. अशा तीस तबकड्या आहेत, एकेक ४५ मीटर रुंदीची. शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण उभी राहिली. तिला डोळे नाहीत, कानच आहेत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती ऐकते. व्हॉयेजरशी बोलणं अमेरिकेच्या अँटेनांचं काम आहे, पण ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण आवाज खोडदच्या या तबकड्यांनी टिपला होता. फेब्रुवारीअखेरीस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञानाचं प्रदर्शन भरतं. एखाद्या वर्षी गटाची सहल तिकडे न्यायला हरकत नाही.

इथवर झाली बातमी. आता तिच्या पोटातली गोष्ट.

व्हॉयेजर जोडी गुरू, शनी आणि त्यापुढचे ग्रह बघायला निघाली होती. पण ग्रह बघून झाल्यावर ती परत येणार नव्हती, पुढेच जाणार होती. व्हॉयेजर-१ तर २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची वेस ओलांडून बाहेर पडलं. तेव्हा शास्त्रज्ञांनी आधीच विचार केला होता की इतक्या लांब जातंय, तर रिकाम्या हाताने कशाला पाठवायचं? वाटेत कोणी भेटलंच, तर आपली ओळख सांगणारं काही तरी सोबत असावं. लेकीला सासरी पाठवताना आपण रिकामी पाठवतो का?

म्हणून प्रत्येक यानावर एक तबकडी बसवली. कार्ल सेगन नावाच्या शास्त्रज्ञाने काही जणांना बरोबर घेऊन ती तयार केली. तांब्याची, वरून सोन्याचा मुलामा दिलेली, तीस सेंटिमीटर रुंदीची. जुन्या काळी फोनोवर वाजायची, तशी रेकॉर्डच. तिच्यात शंभराहून जास्त चित्रं आहेत. पावसाचे, पक्ष्यांचे, आगगाडीचे, बाळाचे आणि आईचे आवाज आहेत. ५५ भाषांमधले नमस्कार आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे. आणि सुमारे दीड तासाचं संगीत आहे.

सगळ्या जगातून गाणी आणि वाद्यसंगीत मिळून फक्त सत्तावीस तुकडे घ्यायचे होते. त्यात युरोपातले मोठे संगीतकार आहेत. चक बेरी या अमेरिकी गायकाचं "जॉनी बी. गुड" हे तरुण पोरांना नाचवणारं गाणं आहे. आणि भारतातून एकच गाणं आहे. ते आहे "जात कहाँ हो", राग भैरवी. गायिका सूरश्री केसरबाई केरकर.

कोण या केसरबाई? त्या आपल्या शेजारच्या गोव्यातल्या. फोंडा तालुक्यातल्या केरी गावात १३ जुलै १८९२ रोजी जन्मल्या. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. देवळात गाण्याची सेवा करणाऱ्या कलावंत समाजातलं हे कुटुंब. या बायका गाणं जपायच्या, पण त्याच गाण्यासाठी त्यांना नावंही ठेवली जायची. अशा घरातली मुलगी आठ वर्षांची असताना गाणं शिकायला कोल्हापूरला गेली. अब्दुल करीम खाँसाहेबांकडे जेमतेम आठ महिने शिकायला मिळालं. मग गोव्याला परत. मग रामकृष्णबुवा वझ्यांकडे थोडं. मग सोळाव्या वर्षी आईबरोबर मुंबईत, आणि तिथे आणखी दोघांकडे थोडं थोडं. गुरू मिळायचा आणि सुटायचा. शिकणं सुरू व्हायचं आणि खंड पडायचा.

शेवटी १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांनी त्यांना शिष्या करून घेतलं. म्हणजे बाई तेव्हा एकोणतिशीला आल्या होत्या. त्या काळी बाईचं शिकायचं वय उलटून गेलं असंच म्हणत असतील. त्यांनी पुढची दहा-अकरा वर्षं कसून मेहनत घेतली. गुरूंचं १९४६ साली निधन होईपर्यंत शिकणं चालूच होतं. आणि असं गायल्या की रवींद्रनाथ टागोरांसारखे लोक त्यांचे चाहते झाले. १९४८ मध्ये कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना "सूरश्री" ही पदवी दिली. १९६९ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण दिलं.

एवढ्या मोठ्या गायिकेच्या रेकॉर्डी मात्र मोजक्याच. त्यांचं गाणं समोर बसून ऐकायचं गाणं होतं. एकेक राग सावकाश उलगडत जाणारं. जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूवर मावायचं किती, तर तीन-साडेतीन मिनिटं. तासाचं गाणं साडेतीन मिनिटांत बसवायचं म्हणजे पाच वारी साडी रुमालाएवढी करायची. तरी त्या काही वेळा ध्वनिमुद्रणाला बसल्या. त्यातल्याच एका बैठकीतलं हे भैरवीचं गाणं. तेही साडेतीन मिनिटांचंच.

ते यानापर्यंत कसं पोचलं? रॉबर्ट ब्राउन नावाचे एक अमेरिकी संगीत अभ्यासक होते. भारतातलं कोणतं गाणं घ्यावं असं त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी हे गाणं सुचवलं. पण ती रेकॉर्ड बाजारात मिळेना. यान सुटायची तारीख जवळ येत होती. अॅन ड्रुयान नावाची तरुण बाई या कामात होती. तिने न्यूयॉर्क पालथं घातलं. शेवटी लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर एका भारतीय कुटुंबाचं घरगुती उपकरणांचं दुकान सापडलं. तिथे मागच्या बाजूला एका टेबलाखाली खोकं पडलं होतं, आणि त्या खोक्यात या रेकॉर्डच्या प्रती होत्या. मिक्सर-इस्त्रीच्या दुकानात टेबलाखाली धूळ खात पडलेलं गाणं, तिथून उचललं आणि आकाशात पाठवलं.

व्हॉयेजर-२ सुटलं २० ऑगस्ट १९७७ रोजी. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला. आणि त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई वारल्या. बाई गेल्या आणि आवाज पुढे निघाला. गाण्याच्या नावाचा अर्थ आहे, "कुठे निघालीस?" आज ते गाणं तासाला सुमारे एकसष्ट हजार किलोमीटर वेगाने जातंय.

आता थोडं रेकॉर्डविषयी सांगतो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. रेकॉर्डमध्ये आवाज राहतो कसा? गायलं की हवा थरथरते. ती थरथर एका सुईला देतात आणि सुई फिरत्या तबकडीवर खाच कोरत जाते. मोठा आवाज, मोठी लाट. बारीक आवाज, बारीक लाट. मग दुसरी सुई त्याच खाचेतून फिरवली की तीच थरथर परत हवेत येते आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. बास, इतकंच. गोल फिरणारी वस्तू, तिच्यावर कोरलेल्या खाचा, आणि त्यातून निघणारं गाणं.

असं दुसरं काय आठवतं? आपलं जातं. तेही गोल. त्यालाही टाकी लावून खाचा पाडतात. वाघोलीच्या दगडखाणींनी आपल्याला दगडाची ओळख काही नवी नाही. जातं फिरायला लागलं की बाईच्या तोंडी ओवी यायची. फक्त एक फरक आहे. जात्याच्या खाचांत पीठ राहायचं, ओवी राहायची नाही. ती पहाटेच्या हवेत विरून जायची. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओवी फक्त म्हाताऱ्या बायांच्या आठवणीत उरली.

हे आपल्याच पुणे जिल्ह्यात काम करणाऱ्या दोघांनी ओळखलं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ ही त्यांची नावं. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या बायांनी वर्षानुवर्षं फिरून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजारावर गावांतल्या. पुढे कित्येक ओव्या बायांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाल्या. आज त्या पारी या संकेतस्थळावर कुणालाही मोबाइलवर ऐकता येतात. आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं.

हे नाव लिहिण्याचं आम्ही मुद्दाम सांगतोय. यानावरच्या त्या सोनेरी तबकडीची यादी पाहिली, तर केसरबाईंचं नाव त्यात आहे. पण त्याच तबकडीवर पेरू देशातल्या डोंगरात राहणाऱ्या एका मुलीचं लग्नाचं गाणं आहे. लहान वयात लग्न लावून दिल्याची तक्रार ती त्यात करते. आफ्रिकेच्या जंगलातल्या मुलींचं एक गाणं आहे, मुलगी वयात आल्यावर म्हणतात ते. या दोन्ही गाण्यांपुढे ध्वनिमुद्रण करणाऱ्या पुरुषाचं नाव लिहिलंय. गाणाऱ्यांचं नाही. त्या मुलींचा आवाज ताऱ्यांपर्यंत निघाला, आणि नाव मात्र मागेच राहून गेलं.

आपल्या घरात असं किती वेळा होतं, ते तुम्हीच आठवा. लग्नात हळदीची गाणी कुणी म्हटली, तर "बायांनी म्हटली". कोणत्या बायांनी?

वाघोलीत आता कुठकुठची माणसं येऊन राहिली आहेत. कुणी खाणीवर, कुणी बांधकामावर, कुणी कंपनीत. मराठवाड्यातून, विदर्भातून, नगर-सोलापूरकडून आलेल्या बायांनी आपापली गाणी बरोबर आणली आहेत. पाळणे, भोंडल्याची गाणी, हळदीची गाणी, ओव्या. गाव सुटलं, जातं सुटलं. गाणं अजून आठवतंय, पण किती दिवस?

म्हणून आमची एक विनंती आहे. पुढच्या बैठकीत हिशेब झाला की दहा मिनिटं यासाठी काढा. ते कसं करायचं, ते सांगतो.

आधी विचारा. ज्या आजीचं गाणं घ्यायचं तिला सांगा, "आजी, तुमचं गाणं मोबाइलमध्ये घेऊ का? कुणाकुणाला ऐकवलं तर चालेल?" ती नको म्हणाली तर नको. काही गाणी दुःखाची असतात, घरातल्या माणसांची नावं असतात. न विचारता कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.

पंखा, टीव्ही बंद करा. मोबाइल आजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर, पण हातात न धरता काहीतरी मऊ कापड घालून त्यावर ठेवा. म्हणजे खरखर येत नाही.

गाण्याच्या आधी तिलाच बोलू द्या. नाव काय, माहेर कुठलं, हे गाणं कुणाकडून शिकली, कधी म्हणायची. ती ओळख गाण्याबरोबरच राहील, वेगळ्या कागदावर हरवणार नाही.

मग गाणं मध्ये न तोडता पूर्ण घ्या. आठवलं नाही तर थांबू द्या. दुसरीने ओळ पुरवली तर तिचंही नाव लिहा.

शेवटी, एकाच मोबाइलमध्ये ठेवू नका. मोबाइल हरवतो, पडतो, पोरं त्यातलं पुसून टाकतात. निदान तीन ठिकाणी ठेवा. व्हॉयेजरचं काय झालं ते आठवा, एक चिप गेली आणि बोलणंच बिघडलं. न्यूयॉर्कच्या त्या दुकानातल्या खोक्यात प्रती शिल्लक होत्या, म्हणून केसरबाई आकाशात गेल्या. खोकं फेकून दिलं असतं, तर वेळेवर काय सापडलं असतं कोण जाणे. गटाच्या रजिस्टरला एक वही जोडा आणि कुणाचं गाणं कुठे ठेवलंय ते तिच्यात लिहा.

आपल्या आजीचं गाणं काही सोन्याच्या तबकडीवर जाणार नाही. त्याची गरजही नाही. व्हॉयेजर-१ दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या जरा जवळून जाईल, त्यालाही सुमारे चाळीस हजार वर्षं लागणार आहेत. तिथे ऐकणारं कोणी असेल का, कोण जाणे. आपल्या गाण्याला ऐकणारी मात्र घरातच आहे. ती अजून पाळण्यात असेल, किंवा शाळेत गेली असेल. वीस वर्षांनी ती विचारेल, आमची पणजी काय म्हणायची? तेव्हा तिच्या हातात आवाज द्यायचा आणि त्याबरोबर नाव द्यायचं, एवढंच आपलं काम.

तुमच्या गटाने पहिलं गाणं घेतलं की आम्हाला कळवा. आजीची हरकत नसेल, तर आपल्याच रेडिओवर ते तिच्या नावागावासकट लावू. दहा-पंधरा किलोमीटर तर नक्की ऐकू जाईल.